सब जोडला, पण बेस कुठाय?

"सब वाजायलाच नाही." घरात होम थिएटरचा नवा रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-डिशचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटणारा डबा, आला की पहिल्या चार दिवसांत दुकानदाराला जाणारा हा फोन ठरलेला. सब म्हणजे सबवूफर, खालचे जाड आवाज (बेस) वाजवणारा मोठा स्पीकर. दुकानदार म्हणतो वायर बदला, शेजारी म्हणतो सबच बदला. बहुतेक वेळा वायरही धड असते आणि सबही. रिसिव्हरनं त्याच्याकडे बेस पाठवलेलाच नसतो. जोडणी म्हणाल तर एक वायर, दोन टोकं, दोन मिनिटं. खरा दिवस जातो तो रिसिव्हरच्या मेनूत, घरच्या अर्थिंगमागे आणि खोलीत. म्हणून वायरचं आधी उरकून घेऊ.

सब फिरवून त्याची पाठ बघा. विजेची वायर, व्हॉल्यूमचा नॉब आणि आरसीएची (डीव्हीडीच्या लाल-पांढऱ्या पिना जातात तशी) गोल भोकं असतील तर तो पॉवर्ड सब. त्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे, त्याला रिसिव्हरकडून फक्त सिग्नल हवा. विजेची वायरच नाही, नुसते लाल-काळे क्लिप आहेत आणि वर ४ किंवा ६ ओहम असं छापलंय, तर तो पॅसिव्ह. जुन्या डीव्हीडी होम थिएटरच्या खोक्यात आलेले सब बहुधा असेच. त्याला मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर लागतोच. रिसिव्हरच्या सबवूफर प्री-आउटमधून, म्हणजे सब-आउटच्या भोकातून, निघणारा सिग्नल जेमतेम एक-दोन व्होल्टचा असतो, त्यानं सबचा बारा इंची पडदा (कोन) जागचा हलत नाही. मग कुणीतरी डोकं चालवतं आणि तोच सब रिसिव्हरच्या मागच्या (सराउंड) स्पीकरांच्या रिकाम्या टर्मिनलला जोडतं. तिथून त्याला सराउंडचे आवाज मिळतात, बेस नाही.

आपल्याकडे तिसरा एक प्रकार घरोघरी सापडतो: जुना ४.१ किंवा ५.१ (चार किंवा पाच छोटे स्पीकर आणि एक सब) मल्टिमीडिया सेट, ज्याच्या मोठ्या डब्यातच सब, ॲम्प्लिफायर, एफएम, ब्लूटूथ सगळं कोंबलेलं असतं. नवा रिसिव्हर घेतला म्हणून तो भंगारात घालू नका. रिसिव्हरच्या सब-आउटमधून एक वायर काढा, एका वायरीचे दोन फाटे करणारा वाय-जोड लावून ती डब्याच्या ऑक्सच्या (बाहेरचा आवाज घेणाऱ्या) लाल आणि पांढऱ्या दोन्ही भोकांत घाला, डब्याचे छोटे स्पीकर काढून ठेवा. आतला फिल्टर वरचे आवाज तसाही कापतो. दहा हजारांच्या सबची सर येणार नाही, पण पुढचं बजेट जमेपर्यंत काम भागतं. डब्याला ५.१ इनपुटची सहा भोकं असतील तर वाय-जोडाचीही गरज नाही, सबच्या भोकात सरळ एकच वायर.

गाडीतला सब घरात वाजवणारेही कमी नाहीत. तेही चालतं. रिसिव्हरचं सब-आउट गाडीच्या ॲम्प्लिफायरच्या आरसीए इनपुटला, आणि ॲम्प्लिफायरला १२ व्होल्टचा पुरवठा. चूक होते ती दोन ठिकाणी. 'रिमोट' नावाच्या टर्मिनललाही १२ व्होल्ट द्यावे लागतात, नाहीतर ॲम्प्लिफायर जागाच होत नाही. दुसरं म्हणजे सीसीटीव्हीचा किंवा एलईडी पट्टीचा ५-१० अँपियरचा पुरवठा लावला जातो. खऱ्या २०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात २५-३० अँपियर ओढतो. पुरवठा कमी पडला की प्रत्येक ठोक्याला तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि बेसच्या जागी नुसतं 'टक् टक्' ऐकू येतं.

अमेरिकेहून नातेवाइकानं आणलेला सब असेल तर पिन लावण्याआधी पाठीमागचा ११५/२३० असा सरकखटका शोधा. ११५ वर असताना २३० दिलं की नशीब चांगलं असेल तर नुसता फ्यूज जातो. खटकाच नसेल आणि नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका.

वायर

सबची वायर म्हणून वेगळं काही सोन्याचं नसतं. चांगलं कवच असलेली ७५ ओहमची कोॲक्स वायर (मध्ये एक तार, भोवती जाळी) आणि दोन टोकांना आरसीए, संपलं. जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत लाल-पांढरी-पिवळी तीन वायरींची जुडी यायची, त्यातली पिवळी व्हिडिओची म्हणून तशाच जातीची असते. दीड मीटरमध्ये भागत असेल तर तीच घ्या. सब खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर डिश बसवणाऱ्याकडून आरजी-६ वायर मापानं तोडून घ्या, दोन्ही टोकांना एफ-कनेक्टर दाबून घ्या आणि त्यावर एफ-टू-आरसीए अडॅप्टर चढवा. १० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही.

टोक सोलताना मात्र नजर ठेवा. मधला तांब्याचा तार ६ मिलिमीटर उघडा, त्याच्यामागे आणखी ६ मिलिमीटर बाहेरचं काळं आवरण काढायचं आणि जाळीच्या तारा नीट मागे दुमडायच्या. जाळीतला केसाएवढा एक तार मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल तिथंच शॉर्ट होतो आणि सब मुका. बाहेरून कनेक्टर अगदी नवाकोरा दिसतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून मधला तार आणि बाहेरची कडा तपासली की पाच सेकंदांत कळतं: बीप वाजला तर ते टोक पुन्हा करायचं. ही तपासणी वायरची दोन्ही टोकं मोकळी असताना करा.

जोडताना रिसिव्हर आणि सब दोन्ही बोर्डावरून बंद हवेत. आरसीएची मधली पिन आधी टेकते, बाहेरची कडा नंतर. सब चालू असताना वायर खुपसली तर त्या मधल्या क्षणात सिग्नलला परतीची वाट नसते आणि सब भोंगा फुंकल्यासारखा ओरडतो. एकदा झालं तर चालून जातं, रोजची सवय असेल तर कोन आणि कॉइल दोघांचं आयुष्य घटतं.

सबवर डावं-उजवं अशी दोन भोकं असतील आणि एकावर एलएफई (सिनेमातल्या बेसचा चॅनल, पुढे येतोच) लिहिलं असेल तर वायर त्यातच. लिहिलं नसेल तर बहुतेक सबवर डाव्या भोकात एकच वायर चालते. वाय-जोड लावून दोन्ही भोकं भरली तर सिग्नल ६ डेसिबलपर्यंत वाढतो. त्याचा खरा उपयोग एकच: सब 'ऑटो'वर असताना हळू आवाजात जागाच होत नसेल, तर होतो. दोन जागी 'सब-आउट १' आणि 'सब-आउट २' असलेल्या रिसिव्हरमध्ये स्वस्त मॉडेलांत दोन्हींतून तोच सिग्नल निघतो. दोन सब लावायचे तर सोय आहे, एकाच सबला त्या दोन वायरी आणून काही मिळत नाही.

सबवर स्पीकर वायरचीही टर्मिनल असतात. ती ज्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला सब-आउट नाही त्यांच्यासाठी. एव्ही रिसिव्हरला सब-आउट असताना तिकडे जायचं कारण नाही. आणि स्पीकर आउटपुट कापून आरसीएच्या भोकात घालण्याचा प्रयोग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रिसिव्हरला सांगा, सब आहे म्हणून

बेस कुठून येतो, हे इथं नीट कळलं पाहिजे. सिनेमाच्या ५.१ ट्रॅकमध्ये '.१' हा एलएफईचा वेगळा चॅनल असतो, त्यात १२० हर्ट्झपर्यंतचे आवाज असतात (हर्ट्झ जितके कमी तितका आवाज जाड) आणि ते सरळ सबला जातात. गाण्यात, यूट्यूबवर, टीव्हीच्या मालिकेत बहुधा असा चॅनल नसतो. तो स्टिरिओ ट्रॅक असतो. त्यातला बेस सबकडे जायचा तर रिसिव्हरनं तो पुढच्या स्पीकरांकडून काढून सबला द्यायला हवा. हे काम रिसिव्हर तेव्हाच करतो जेव्हा पुढचे स्पीकर मेनूत 'स्मॉल' असतात. 'लार्ज' असतील तर रिसिव्हर समजतो की हे स्पीकर सगळा बेस पेलतात, सबची गरज नाही. मग सिनेमात सब वाजतो, गाण्यात गप्प बसतो, आणि माणूस रात्रभर वायर हलवत बसतो.

'स्मॉल' म्हटल्यावर काहींचा मान दुखावतो. एवढे चार फुटी टॉवर घेतले आणि त्यांना लहान म्हणायचं? हा शब्द उंचीचा नाही, बेस कुणी उचलायचा एवढ्यापुरताच आहे. सगळे स्पीकर स्मॉल, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे आवाज सबला जातात तो आकडा) ८० हर्ट्झ, इथून सुरुवात करा. मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२०, वेळ पडली तर १५०. पण १०० च्या वर गेलात की बेस कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कानाला कळायला लागतं, म्हणून तेव्हा सब पुढच्या स्पीकरांच्या मधेच हवा. स्मॉल केल्यानं आणखी एक फायदा पदरात पडतो. खालचे आवाज सबनं उचलले की रिसिव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचा भार उतरतो आणि संवाद मोकळे ऐकू येतात.

मेनूतल्या बाकीच्या जागा पटापट: सबवूफर 'यस'. एलएफईचा लो-पास १२० हर्ट्झ. डेनॉनमधला 'एलएफई प्लस मेन', यामाहातला 'एक्स्ट्रा बेस', ओंक्योतला 'डबल बेस' हे सगळे बंद. त्यांत तोच बेस टॉवरमधूनही आणि सबमधूनही वाजतो, दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि कुठं दुप्पट, कुठं गायब असं होतं. 'प्युअर डायरेक्ट' किंवा 'डायरेक्ट' बटण दाबलेलं असेल तर बऱ्याच रिसिव्हरमध्ये बेसची ही वाटणीच बंद पडते. रिमोटवर चुकून दाबलं जाणारं हे बटण सब 'बिघडण्याचं' मोठं कारण आहे. रात्रीसाठीचा 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' चालू राहिला तरी स्फोट फुसका होतो.

टीव्हीतून एआरसीनं, म्हणजे एचडीएमआय वायरीतूनच उलटा, आवाज घेत असाल तर टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' आहे का बघा. असेल तर बऱ्याच टीव्हींतून फक्त दोनच चॅनल बाहेर पडतात, एलएफई टीव्हीतच संपलेला असतो. 'ऑटो', 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. डिशच्या सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही डॉल्बीची वेगळी जागा असते, ती बसवताना कुणी चालू करून देत नाही.

आता सबवरचे नॉब. क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर फिरवा किंवा 'एलएफई' अथवा 'बायपास' खटका असेल तर त्यावर ठेवा. चाळणी रिसिव्हरनं एकदा लावलीय, सबनं ८० वरच दुसरी लावली तर त्या जागी खड्डा पडतो. व्हॉल्यूम अर्ध्यावर, घड्याळात बारा वाजल्यासारखा. फेज (सबचा ठोका बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारा खटका) शून्यावर. 'ऑटो'ऐवजी 'ऑन' ठेवलेलं बरं, कारण संवादांच्या लांब प्रसंगात सब झोपतो आणि पहिला दणका खातो. आपल्या बोर्डावर खटका असतोच, रात्री तिथून बंद करा. क्रम एवढा पाळा: चालू करताना रिसिव्हर आधी, सब नंतर. बंद करताना सब आधी. उलट केलं की 'धप्प' असा आवाज येतो. वीज गेली-आली की हा क्रम आपल्या हातात राहत नाही, म्हणून वीज गेल्या गेल्या सबचा खटका खाली करून ठेवावा.

मग रिसिव्हरसोबतचा माइक. डेनॉन-मॅरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी, नावं निराळी, काम एकच. माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, स्टँडवर. हातात धरू नका, गादीवर टाकू नका. आणि मे महिन्यात हे करणार असाल तर कूलर बंद. मराठवाड्यातला पत्र्याचा कूलर नुसता आवाज करत नाही, त्याच्या मोटरची गुरगुर नेमकी सबच्याच पट्ट्यात असते आणि माइकला वाटतं खोलीत बेस आधीच आहे. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटरही बंद. पहाटेची वेळ सगळ्यांत चांगली, घामही येत नाही.

मोजणी झाल्यावर तीन आकडे बघा. एक, सबची लेव्हल. उणे १२ दाखवत असेल तर सबचा नॉब जास्त उघडा आहे. बऱ्याच रिसिव्हरना त्याहून खाली जाताच येत नाही, म्हणजे तो आकडा खराही नसू शकतो. नॉब थोडा कमी करून पुन्हा मोजा, उणे ३ ते उणे ६ च्या आसपास आलं की ठीक. दोन, सबचं अंतर. सब आठ फुटांवर ठेवलाय आणि मेनू बारा-चौदा फूट दाखवतोय, हे बघून लोक हातानं आठ करतात. करू नका. सबच्या आतल्या सर्किटला सिग्नल बाहेर काढायला थोडा वेळ लागतो, रिसिव्हर तो उशीर अंतरात धरतो. तीन, पुढचे स्पीकर. टॉवर मोठे असतील तर ही यंत्रणा त्यांना बिनदिक्कत 'लार्ज' करून ठेवते. प्रत्येक मोजणीनंतर ते पुन्हा स्मॉल करायचं, विसरायचं नाही.

फेजसाठी कान पुरे. सतत बेस असलेलं एखादं गाणं किंवा ८० हर्ट्झचा सूर लावा, जागेवर बसा आणि दुसऱ्याला सबचा फेज ० वरून १८० वर करायला सांगा. ज्यात बेस जास्त भरीव वाटतो ती बाजू बरोबर. मोबाइलच्या ॲपवर आकडे बघून बेस जुळवू नका. मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी असतो, खालचे आवाज त्याला कमीच ऐकू येतात. त्याच्यावर विसंबून सब वाढवत गेलात तर शेवटी जत्रेतल्या डीजेवर पोचाल.

गुरगुर, म्हणजे हम

काहीच वाजत नसताना सबमधून सारखा 'घुँऽऽ' येतोय, ही दुसरी मोठी तक्रार. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो, आणि सब नेमका तिथंच सगळ्यांत तगडा. कारण शोधायची वाट सरळ आहे. सबची आरसीए वायर सबकडून काढा. (बंद करून, काढून, मग चालू.) हम तसाच राहिला तर दोष सबच्या आतला. गेला, तर वायरीतून येतोय. वायर परत जोडा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची कोॲक्स फिरवून काढा. बहुतेक वेळा हम इथंच थांबतो.

होतं असं की गच्चीवरच्या डिशचं कवच कुठंतरी लोखंडी सळईला, पत्र्याला टेकून जमिनीशी एक नातं जोडतं, घरातली थ्री-पिन दुसरं. दोन जमिनींत थोडासा व्होल्टचा फरक असतो, त्यामुळे वायरींच्या कवचांतून करंट फिरतो आणि तोच सब वाजवून दाखवतो. इंटरनेटवर यावर कोॲक्सचा आयसोलेटर (वायरीतला करंट तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा जोड) सुचवतात. तो केबल टीव्हीला चालतो, डिशला नाही. डिशच्या एलएनबीला (दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून जातात. आयसोलेटर तो डीसी अडवतो आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'. डिशचा इलाज दोन प्रकारचा. गच्चीवरून वायर घरात शिरते तिथं ग्राउंडिंग ब्लॉक लावून तिचं कवच घराच्याच अर्थिंगला जोडा. किंवा बॉक्स ते टीव्ही एचडीएमआय राहू द्या, पण टीव्ही ते रिसिव्हर आवाज ऑप्टिकल वायरीनं न्या. काचेच्या-प्लास्टिकच्या धाग्यातून उजेड जातो, करंट नाही. मात्र टीव्ही ते रिसिव्हरची एचडीएमआय वायर काढावी लागेल, नाहीतर करंटचा फेरा (लूप) जागच्या जागी. दोनशे-तीनशे रुपयांचा आरसीए हम आयसोलेटर हम घालवतो हे खरं, पण आतला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असल्यामुळे ३०-४० हर्ट्झखालचा बेसही सोबत घेऊन जातो. ज्याच्यासाठी सब घेतला तेच गेलं.

सबच्या थ्री-पिनची जाड अर्थ पिन तोडून हम घालवणारे वायरमन गावोगाव आहेत. हम जातोही. आत कधी शॉर्ट झालं तर सबची मागची पत्र्याची प्लेट २३० व्होल्टवर असेल, आणि फरशी पुसताना ओल्या हातानं तिला घरातलंच कुणीतरी टेकणार. पिन तोडू नका.

उलट आधी अर्थ खरोखर आहे का बघा. मल्टिमीटर एसीवर ठेवून वायरमनकडून बोर्ड तपासून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मध्येच शंभर-सव्वाशे दाखवून नाचत असेल तर भोक आहे, मागे अर्थ नाही. आपल्याकडची अडचण मातीची आहे. काळी माती पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग छान चालतं, चैत्र-वैशाखात तीच माती भेगाळते, खड्ड्यातल्या पट्टीपासून सुटते. मुरूम किंवा काळा दगड लागलेल्या ठिकाणी तर मुळातच जमीन वीज घेत नाही. दिवाळीला शांत असलेला सब मे महिन्यात गुरगुरायला लागला तर रिसिव्हर उघडू नका, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओता. उन्हाळाभर आठवड्याला एकदा. कोळसा-मिठाचा थर जुना झाला असेल तर तो बदलून घ्या.

हम नाही, पण बारीक कर्कश 'झर्रर्र' आहे आणि तो वीज गेल्यावरच येतो? मग घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे. त्याच्या काटकोनी लाटेनं सबचा ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो आणि तापतो. सब इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरत असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या सबची ताकद निम्म्यापेक्षा थोडीच वर राहते. वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घसरतात, १८० भागिले २३० चा वर्ग साधारण ०.६. दिवसा १०० वॅट देणारा सब रात्री ६० च देतो, नॉब वाढवला की फाटतो. दोष सबचा नाही, स्टॅबिलायझर लावा.

सिग्नलची वायर विजेच्या केसिंग पट्टीतून किंवा कन्सिल पाइपातून नेऊ नका. वीतभर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

वळवाच्या दिवसांत आभाळ कडाडायला लागलं की खटका बंद करणं पुरेसं नाही. पिन काढा आणि डिशची कोॲक्सही काढा. गच्चीवरून आलेला झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेनं रिसिव्हरच्या बोर्डापर्यंत जातो, आणि एचडीएमआय बोर्डाची दुरुस्ती ऐकली की नवा रिसिव्हर स्वस्त वाटतो.

सब ठेवायचा कुठं

जिथं जागा उरली तिथं, हे उत्तर सगळीकडे मिळतं. पण खोली स्वतःही वाजते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं की त्या लांबीचा घुमणारा सूर मिळतो. १५ फुटांचा हॉल ३७-३८ हर्ट्झला घुमतो, १२ फूट रुंदी ४७ ला, १० फूट उंची ५६ ला. तीन वेगवेगळे आकडे असले तर घुमणं वाटलं जातं. आपल्याकडची दहा बाय दहाची खोली आणि स्लॅबही दहा फुटांवर, म्हणजे तिन्ही घुमणी ५६ वर एकावर एक. तिथं कुठलंही गाणं लावा, बेसचा एकच सूर ढोलासारखा येतो. अशा खोलीत सब बदलून काही होत नाही. दिवाण हलवा, भिंतीला गोधड्यांची घडवंची लावा, सब कोपऱ्यातून काढा.

खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्ये बसू नका. तिथं लांबीचा सूर जवळपास नाहीसा होतो. अगदी मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच सूर फुगतो. भिंतीपासून दीड-दोन हात पुढं सरका.

सबची जागा शोधायची पद्धत बघायला वेडगळ आहे, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेसची चढउतार असलेलं गाणं लावा. आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत खोलीच्या कडेकडेनं फिरा, कान सबच्या उंचीवर ठेवून. एका कोपऱ्यात नुसता घोंगाट, दाराजवळ काहीच नाही, टीव्हीच्या डावीकडे प्रत्येक सूर वेगळा. जिथं वेगळा ऐकू येतो तिथं सब ठेवा, तुम्ही परत जागेवर बसा. घरचे हसतील, हसू द्या. जागा बदलली की माइकची मोजणी पुन्हा.

सबखाली वॉशिंग मशीनचे रबरी पाय चार टाका. शहाबादी फरशीवर ठेवणार असाल तर आधी ती नाण्यानं ठोकून बघा. खालची माती बसून फरशी पोकळ झाली असेल तर 'टण्' वाजते, आणि सब तिलाही नाचवतो. सबच्या मागच्या नळीत पाली घर करतात, वर्षातून दोनदा बॅटरी लावून आत बघावं. नळीला कापड कोंबू नका, जाळी लावलीत तरी विरळ लावा.

सगळं जुळल्यावर २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि घरभर हिंडा. ३५ ला दाराची कडी, ४० च्या पुढं शोकेसची काच, मग स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं, शेवटी गोदरेजच्या कपाटावर ठेवलेली पेटी. जे थरथरतं त्यावर हात ठेवला की ते गप्प होतं, तिथं फेल्टचा किंवा जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा लावायचा. पत्र्याचं छत असेल तर जरा जास्त काम आहे. पत्रा बेस अडवत नाही, त्यामुळे खोली कमी घुमते. पण सैल जे-हुकाशेजारी पत्रा पत्र्यावर आपटतो आणि तो आवाज सब फाटल्यासारखाच ऐकू येतो. सब उघडण्याआधी खुर्चीवर चढून पत्र्याला काठी टेकवून बघा. खरखर थांबली, तर हुक आवळायचे आणि वॉशर बदलायचे.